पाऊणकी आणि पायरी: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी किनाऱ्यावरची कामं

मुलांना घरी शिकवायला लागलं की रोज सकाळी पेज झाल्यावर पहिला प्रश्न येतो, आज काय घ्यायचं? आमची कसोटी एकच. उत्तर बरोबर आलं की चुकलं हे ज्या कामात ते कामच सांगतं, ते आधी घ्यावं. वहीतल्या गणितावर बरोबरची खूण करायला मोठं माणूस लागतं. भरतीच्या गणितावर खूण करायला जेट्टीची पायरी पुरते. कोकणात अशी कामं दारातच असतात, फक्त ती नेमकेपणाने करायला हवीत. त्या नेमकेपणासाठी हे सगळं लिहीत आहोत.

सुरुवात भरतीपासून करावी. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दुसरी भरती साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांनी. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घ्यायला याहून चांगलं निमित्त आम्हाला माहीत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाढ्यांची उतरंड आता फारशी कुणी म्हणून घेत नाही. अपूर्णांकांची भीती मात्र घरोघर आहे, आणि ती घालवायला पाऊणकीसारखं दुसरं साधन नाही.

हिशोब झाला की पडताळा. समुद्राच्या मोकळ्या पुळणीवर मोजायला जाऊ नये, लाट इतकी वरखाली होते की आकडा हाती लागत नाही. खाडीतली जेट्टी किंवा धक्क्याच्या पायऱ्या घ्याव्यात. पाणी ऐन वर आल्याचा क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही, कारण त्या वेळी पाणी बराच वेळ जागचं हलत नाही. म्हणून युक्ती करायची. एक पायरी ठरवायची, चढत्या पाण्याने ती बुडाली ती वेळ लिहायची, उतरत्या पाण्याने ती उघडी पडली ती वेळ लिहायची आणि दोन्हींचा मध्य काढायचा. समजा चतुर्दशी आहे. पाऊणकीने साडेदहा येतात. पायरी १०:१० ला बुडाली आणि ११:४० ला उघडी पडली, तर भरती १०:५५ ची. फरक २५ मिनिटांचा. हा फरक आपल्या धक्क्याची दुरुस्ती म्हणून वहीत लिहून ठेवायचा. दहा-बारा वेळा मोजल्यावर सरासरी घ्यायची. मुंबईची दुरुस्ती मालवणला चालणार नाही, कारण भरतीची वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. खाडीत आत गेलं की ती आणखी उशिरा येते.

दुरुस्ती रोज तेवढीच येत नाही, हे मुलाच्या लक्षात आलं पाहिजे. त्याचं एक कारण पाऊणकीतच आहे. चंद्राच्या ३० तिथींत भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण २४ तास फिरून येते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. जुन्या मापात बरोबर दोन घटका. पाऊणकी ४५ धरते. तिथीमागे ३ मिनिटं मागे पडत पंधराव्या तिथीपर्यंत ४५ मिनिटांची तूट होते. म्हणून लहान मुलाने पाऊणकी वापरावी आणि बारा वर्षांच्या मुलाने ४८ ने गुणून ६० ने भागावं, मग दोघांनी ताडून पाहावं. दुसरं कारण भांगाचं. अष्टमीच्या आसपास उधाण ओसरून भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, येतो, त्या दिवसांत वेळ आणखी मागेपुढे होते. तिसरं कारण कॅलेंडरात. त्यावर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, दुपारी ती बदललेली असू शकते, आणि क्षयतिथी असेल त्या महिन्यात एक आकडा गळतोच. शिवाय एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंच येत नाहीत. रात्रीची पायरी आणि दिवसाची पायरी वेगळी निघाली तर नोंद चुकली असं समजू नका.

एका धक्क्यावर तीन वयांची मुलं बसू शकतात. पाच वर्षांचं "बुडाली!" म्हणून सांगतं, आठ-नऊ वर्षांचं घड्याळ पाहून लिहितं, मोठं आलेख काढतं. मोठं माणूस सोबत हवंच. शेवाळलेल्या पायरीवर अनवाणी उतरायचं नाही, आणि जून ते ऑगस्टमध्ये उधाणाच्या दिवशी धक्क्यावर जायचंच नाही. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. आपलं मोजमापही तेवढे दोन महिने बंद ठेवावं आणि पावसाकडे वळावं.

पाऊस मोजायला दोन लिटरची, सरळ भिंतीची पारदर्शक बाटली लागते. मध्येच कंबर असलेली बाटली नको. मान जिथून निमुळती होऊ लागते तिथे कापायची आणि तो वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बुडाला खळगे असतात, म्हणून तळाशी थोडे खडे टाकून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं. ती आपली शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटर मोजून रेघा ऑइलपेंटने काढाव्यात, कागदी पट्टी मृगाच्या पहिल्याच सरीत सुटून येते. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच रुंदीची असल्यामुळे रेघांवरचे मिलिमीटर हेच पावसाचे मिलिमीटर. रुंद नरसाळं लावायचा मोह होतो, पण मग आकडा व्यासांच्या वर्गाच्या प्रमाणात फुगतो. दुप्पट रुंद तोंड म्हणजे चौपट पाणी.

सगळ्यात जास्त चुका जागेत होतात. पागोळीखाली ठेवलेली बाटली छपराचा पाऊस मोजते, माडाखालची झावळांचा. जवळचं घर किंवा झाड जितकं उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर बाटली असावी. एवढी मोकळी जागा वाडीत मिळणं अवघड, तरी खळ्याचा, म्हणजे अंगणाचा, सगळ्यात उघडा कोपरा शोधावा. जमिनीवर ठेवली तर चिऱ्यांवरून उडालेले शिंतोडे आत जातात, म्हणून खांबाला गुडघ्याच्या वर बांधावी. वारा तिरका असतो, बाटली मात्र ओळंब्यात हवी.

नोंद सकाळी ८:३० ला घ्यावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तुलना करता येते. कोकणात दिवसाला १०० मिमी ही काही अपवादाची गोष्ट नाही आणि बाटली साधारण १५० ते १८० मिमीलाच भरते, म्हणून जोर असेल तेव्हा संध्याकाळीही मोजून रिकामी करायची आणि दोन्ही आकडे मिळवायचे. मुलांना हवामान खात्याच्या पायऱ्या सांगाव्यात: ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. बातमीतला शब्द मग त्यांना स्वतःच्या बाटलीवर दाखवता येतो. रेघांवर शंका असेल तर वजनकाटा काढा. ११ सेंमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंमी, म्हणजे एका मिलिमीटरला ९.५ ग्रॅम पाणी. एकाच पावसाची दोन मापं जुळली की मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

महिन्याची बेरीज सगळेच करतात. आमचा आग्रह नक्षत्रांच्या बेरजेचा. ३६५ ला २७ ने भागलं की साडेतेरा येतात, म्हणून नक्षत्र कधी १३ दिवसांचं तर कधी १४ दिवसांचं. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. यंदा तरणा जास्त पडला की म्हातारा, हे आजीला आकड्यासकट सांगता येणं ही मुलांना मोठीच गोष्ट वाटते. आजीकडून मग नक्षत्रांच्या वाहनांची आणि म्हणींची जी भर पडते तीही त्याच पानावर उतरवून घ्यावी. त्याच आकड्याचं दुसरं गणित छपराचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ५६ चौरस मीटर छपरावर १०० मिमी पडला तर ५,६०० लिटर. कौलांचा उतार मोजायचा नसतो, छपराने जमिनीवर झाकलेली जागा मोजायची. ही चूक मोठी माणसंही करतात.

मीठ हे उन्हाळ्याचं काम, फेब्रुवारी ते मे. ओहोटीला खाडीतून पाणी आणू नका, त्यात गोडं पाणी मिसळलेलं असतं. भरतीच्या वेळी उघड्या समुद्राचं एक लिटर घ्यावं आणि सुती कापडातून दोनदा गाळावं. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं, पसरट, पाणी सेंटीमीटरभरच उभं राहील असं. स्टीलला मिठाने खड्डे पडतात. मातीच्या परळात तर मीठ भिंतीतून झिरपून बाहेरच्या अंगाला फुटतं. वर मलमल ताणून बांधावी, चांगल्या उन्हात चार-पाच दिवस लागतात. समुद्राच्या लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्याला २८ मिळाले तर बाकीचे कुठे गेले, यावर अख्खी दुपार जाऊ शकते: खाडीचं पाणी मिसळलं का, भांड्याला किती चिकटलं, शेवटचं पाणी ओतून दिलं त्यात किती गेलं.

ते शेवटचं पाणी ओतायचं का, हाच या कामाचा गाभा. आधी तळाशी पांढरी कणी बसते, ती चुन्याच्या जातीची. मग चौकोनी खडे येतात ते मीठ. शेवटी उरतं ते तेलकट, कडू पाणी, त्यात मॅग्नेशियमचे क्षार. ते आटू दिलं तर मीठ कडवट होतं आणि दमट हवेत पाणी सोडतं. एका वाटीत ते पाणी ओतून द्यावं, दुसऱ्या वाटीत आटू द्यावं आणि दोन्ही मिठं पावसाळ्यापर्यंत ठेवून कोणतं आधी पाझरतं ते पाहावं. मिठागरात कडू पाणी वेळेवर का काढून टाकतात ते वेगळं सांगावं लागत नाही. खडे मोठे हवे असतील तर भांडं हलवू नये, रोज ढवळलं की पिठासारखं मीठ मिळतं. हे मीठ खायला वापरू नये, किनाऱ्याजवळच्या पाण्यात डिझेलही असतं. इतिहासही इथेच घ्यावा: १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. उन्हात चार दिवस थांबून मूठभर मीठ मिळवलेल्या मुलाला मिठावरचा कर म्हणजे काय ते लगेच समजतं.

कोकमाचा रंग हे तासाभराचं काम. दोन चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, ग्लासभर पाण्यात घालून फिकट गुलाबी करावं. आगळ दाट घेतलं तर आंबटपणा इतका असतो की चमचाभर सोडा संपला तरी रंग हलत नाही आणि मुलं कंटाळतात. ग्लास काचेचा, खाली पांढरा कागद. चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालत जावं. फेस येतो, लाली जाऊन जांभळट छटा येते, पुढे मळकट हिरवट. लिंबू पिळलं की रंग परत लालीकडे वळतो. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या तर हाच खेळ जास्त स्वच्छ दिसतो. हळदीचं वेगळं. ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सॅनिटायझरमध्ये कालवून कागदाला लावावी, वाळवावी आणि साबणाच्या पाण्याने त्यावर चित्र काढावं, ते लाल उमटतं. आगळाने मात्र हळद पिवळीच राहते. कोणता रंग कशाला ओळखतो याचा तक्ता मुलांनीच करावा. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, पण चुन्याची डबी मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

आता कोयकलम, म्हणजे गावठी रायवळ आंब्याच्या कोवळ्या कोंबावर हापूसची काडी बांधणं. जून-जुलैत पावसाने घरात अडकलेल्या दहा वर्षांवरच्या मुलांसाठी याहून भरीव काम दिसत नाही. आंबे खाऊन झालेल्या रायवळ कोयी पंधरा दिवसांच्या आत लावायच्या. त्याआधी पाण्यात टाकून पाहायच्या, तरंगतील त्या बाजूला काढायच्या. माती आणि कुजलेलं शेणखत घालून केलेल्या वाफ्यात दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. कोंब ८ ते १५ दिवसांचा आणि पानं अजून तांबूस असतात तेव्हाच कलम करायचं. पानं हिरवी झाली की खोड टणक होतं आणि जोड धरण्याचं प्रमाण घटतं. त्याच सुमारास हापूसची काडी तयार हवी: तीन-चार महिन्यांची, कोंबाएवढी जाड, १० ते १५ सेंमी लांब, डोळा फुगलेला. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटायची. कोंब कोयीसकट अलगद उपटून कोयीच्या वर सहा-सात सेंमीवर आडवा कापायचा आणि मधोमध तीन-चार सेंमी चीर द्यायची. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढीच पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि दीड-दोन सेंमी रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळायची. मग पिशवीत लावून सावलीत ठेवायचं. पातं चालवणं मोठ्याचं काम. जाडी जुळवणं, गुंडाळणं, चिठ्ठी लावणं मुलांचं.

दोन-तीन आठवड्यांत काडी फुटते किंवा काळी पडते. काळी पडली तर पट्टी सोडून कारण शोधावं: पाचर आणि चीर यांत फट राहिली, जोडात पाणी शिरलं, काडी सुकलेली होती, की काडी कोंबापेक्षा जाड असल्याने साल सालीला भिडलीच नाही. जाडी जुळत नसेल तर काडी मधोमध न बसवता एका कडेला सरकवावी, निदान एका बाजूची साल भिडते. जोडाच्या खालून फुटलेला कोंब लगेच खुडायचा, तो रायवळ आहे आणि वरच्या हापूसला उपाशी ठेवतो. साधारण तीन महिन्यांनी पट्टी काढायची, विसरलं की ती खोडात रुतते. दहा कलमं बांधली तर किती जगली हा मुलांचा पहिला खराखुरा शेकडेवारीचा हिशोब. हापूसच्याच कोयीतून हापूस का मिळत नाही, हा प्रश्न इथे आपोआप येतो. त्याला घाईने उत्तर देऊ नये. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची रोपवाटिका जवळ असेल तर तिथे नेऊन कलमं बांधणाऱ्या हातांचा वेग दाखवावा.

या सगळ्याची नोंद एकाच जाड वहीत, तारीख आणि तिथी घालून. विषयवार वह्या केल्या की भरती भूगोलात जाते, पाऊणकी गणितात, आणि दोन्ही सुटतात. परीक्षेची काळजी असणाऱ्यांसाठी एवढंच: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीची नोंदणी करता येते, आणि शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्जही आहे. त्या तयारीला शेवटची दोन वर्षं मन लावून दिली तर पुरतात असं आमचं मत आहे.

खळ्यात करायचं एक मोठं काम उरलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. एकास दहा प्रमाणात तो खळ्यात रांगोळीने काढायचा: १.८ मीटर बाय १.३ मीटर, सुतळीने दहा-दहा सेंमीचे चौकोन, एकूण २३४. छायाचित्रावर तेवढेच चौकोन आखून घ्यावेत. सुतळी सैल असेल तर आयताची चौकट सरकते आणि हत्ती तिरपा होतो. म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत, २.२२ मीटर आले पाहिजेत. गवंडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून जे पाहतो तेच हे. मुलं चौकोन सोडून नजरेने काढायला लागतात तिथे पाय बिघडतात. अशा वेळी छायाचित्र झाकून एका वेळी एकच चौकोन उघडा ठेवावा. प्रत्यक्ष सड्यावर गेलात तर शिल्पावर चालू नका आणि रेषांत खडू घालू नका.

निव्वळ खेळांपैकी सागरगोटे घरात असावेतच. पाच घेतले तर एक हवेत आणि चार खाली: एकेक, दोन-दोन, तीन-एक, चार. सात घेतले की खाली सहा राहतात, आणि चार उचलायच्या फेरीला दोन उरतात. बाकी उरणारा भागाकार शिकवायची वेळ येते तेव्हा तो मुलांच्या बोटांना आधीच येत असतो. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर खेळ झाला की मोजून डब्यात.

आणि पिपाणी. माडाची हिरवी पात घ्यावी, हीर, म्हणजे मधली ताठ शीर, काढून टाकावी. पात तिरकी गुंडाळत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत शंकू करावा आणि रुंद तोंडाशी हिराचा तुकडा टोचून शेवट अडकवावा. बारीक तोंडात पातीचाच छोटा दुमडलेला तुकडा चपटा करून बसवायचा, आवाज त्याच्या थरथरीचा. वाजली नाही तर वेढ्यांतून हवा गळते आहे किंवा तो तुकडा फार जाड आहे. आणखी एक पात जोडून लांब केली की आवाज खाली उतरतो, वेढे काढत गेलं की वर चढतो. सुकलेली पात गुंडाळताना फाटते आणि आज केलेली पिपाणी उद्या वाजत नाही, म्हणून झावळ पडली की त्याच दिवशी पाती काढून घ्याव्यात.